एकाच उपकरणावरून अनेक हेडफोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ नुकतंच झोपलंय आणि दोघांना लॅपटॉपवर सिनेमा पाहायचाय. आजोबांना टीव्हीचा आवाज मोठा लागतो आणि बाकीच्यांचं डोकं दुखतं. प्रवासात दोन मुलं आहेत आणि टॅबलेट एकच. अशा वेळी एका उपकरणाला दोन, तीन, कधी आठ हेडफोन जोडायची वेळ येते.

जोडणी बहुतेक वेळा पाच मिनिटांत होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण प्रत्येकाचा कान वेगळा असतो. एकाला पुरेसा वाटणारा आवाज दुसऱ्याला टोचतो आणि तिसऱ्याला ऐकूच येत नाही. म्हणून कुठलाही उपाय तपासताना मी आधी एकच गोष्ट पाहतो: प्रत्येकाच्या हातात स्वतःचा व्हॉल्यूम राहतो का? खालच्या उत्तरांतही हीच कसोटी पुन्हा पुन्हा येईल.

सगळ्यात साधा आणि स्वस्त मार्ग कोणता?

तारेचे दोन हेडफोन आणि इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा ३.५ मिलिमीटरचा स्प्लिटर. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला दोन सॉकेट. चार्जिंग लागत नाही, पेअरिंग लागत नाही, आवाज उशिरा पोचत नाही. दोघांकडे एकाच मॉडेलचे हेडफोन असतील तर याहून चांगला उपाय शोधत बसू नका. हेडफोन वेगवेगळे असतील तर मात्र पुढचे तीन-चार प्रश्न वाचून मग ठरवा.

दोन हेडफोन लावल्याने फोन किंवा लॅपटॉप खराब होतो का?

नाही. स्प्लिटरमध्ये दोन्ही हेडफोन समांतर जोडले जातात, त्यामुळे उपकरणाला एकाऐवजी दोघांना करंट पुरवावा लागतो. ओहम हे विजेच्या वाटेतला विरोध मोजायचं एकक. ३२ ओहमचे दोन हेडफोन मिळून उपकरणाला १६ ओहमचा एकच हेडफोन लावल्यासारखं वाटतं, आणि १६ ओहमचे इअरफोन तर आपण एरवीही बिनधास्त लावतो. चार लावले की ८ ओहम. इथे छोटं अ‍ॅम्प्लिफायर दमायला लागतं: जळत नाही, पण आवाज मोठा केल्यावर बासमध्ये फरफर ऐकू येते. फरफर आली की व्हॉल्यूम कमी करायचा, एवढंच.

स्प्लिटर लावल्यावर आवाज अर्धा होतो म्हणतात. खरं आहे का?

काही उपकरणांवर खरं, काहींवर अजिबात नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या अनुभवाने बरोबर बोलत असतात, म्हणून हा वाद मिटत नाही.

फरक पडतो तो उपकरणाच्या आउटपुट इम्पिडन्सने, म्हणजे जॅकच्या आतल्या विरोधाने. प्रत्येक हेडफोन जॅकच्या आत, अ‍ॅम्प्लिफायर आणि सॉकेट यांच्यामध्ये, थोडा विरोध असतोच. व्होल्टेज या आतल्या विरोधात आणि बाहेरच्या हेडफोनमध्ये वाटलं जातं. आतला विरोध १ ओहमच्या आसपास असेल तर बाहेर ३२ ओहम असो की १६, जवळजवळ सगळं व्होल्टेज हेडफोनलाच मिळतं. दुसरा हेडफोन लावला तरी पहिल्याला पत्ता लागत नाही.

आता आतला विरोध १० ओहम धरा. एक हेडफोन असताना व्होल्टेजचा ७६ टक्के वाटा त्याला मिळत होता, दोन लावल्यावर ६२ टक्के. आवाज साधारण २ डेसिबलने उतरतो. लक्ष देऊन ऐकलं तर कळतं, पण व्हॉल्यूम एक घर वर नेला की भरून निघतं. चार हेडफोन लावले तर उतार पावणेपाच डेसिबलच्या घरात जातो.

तिसरी तऱ्हा जुन्या स्टीरिओ रिसीव्हरची. त्यांच्या हेडफोन जॅकला शंभर ओहमहून मोठा रेझिस्टर लावलेला असायचा, आणि एका जुन्या आंतरराष्ट्रीय मानकातही १२० ओहम हाच आकडा होता. तिथे दुसरा हेडफोन लावताच आवाज ५ डेसिबलने पडतो, व्होल्टेज जवळजवळ अर्ध्यावर येतं. 'आवाज अर्धा होतो' ही समजूत याच काळातली असावी असं मला वाटतं.

यातला एक त्रास कमी लोकांच्या लक्षात येतो. आतला विरोध जास्त असलेल्या जॅकवर दोघांपैकी एकाने हेडफोन काढला की दुसऱ्याच्या कानात आवाज अचानक वाढतो. तेव्हा अशा जोडणीत पिन उपसण्याआधी शेजाऱ्याला सांगा.

माझ्या उपकरणाचा आउटपुट इम्पिडन्स घरी मोजता येतो का?

येतो, आणि मोजून बघावाच. एक मल्टिमीटर आणि ३३ ओहमचा एक रेझिस्टर लागतो. १०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा आणि डाव्या चॅनेलच्या पट्टीपासून ग्राउंडपर्यंत (दोन्ही चॅनेलची सामाईक परतीची वाट) एसी व्होल्टेज मोजा. मग त्याच दोन ठिकाणी रेझिस्टर लावून, व्हॉल्यूमला हात न लावता पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, त्यातून १ वजा करा आणि ३३ ने गुणा.

उदाहरणार्थ, रेझिस्टरशिवाय ०.५० व्होल्ट आणि रेझिस्टर लावून ०.४२ व्होल्ट आले तर उत्तर साधारण ६.३ ओहम. नियम असा की बाहेर लावलेल्या सगळ्या हेडफोनचा मिळून विरोध आतल्या विरोधाच्या निदान आठपट असावा. ३२ ओहमचे दोन म्हणजे १६, म्हणजे आत २ ओहमपर्यंत चालेल. ६.३ निघाले तर काही बिघडत नाही, फक्त आवाजाचा पोत किंचित बदलू शकतो. अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या बारीक इअरफोनमध्ये हा बदल स्पष्ट ऐकू येतो, कारण त्यांचा स्वतःचा इम्पिडन्स सुरागणिक वरखाली होत असतो.

एका हेडफोनमध्ये आवाज कानठळ्या बसवणारा, दुसऱ्यात अगदी बारीक. स्प्लिटर खराब आहे का?

स्प्लिटर ठीक आहे. दोन हेडफोनची जात वेगळी आहे.

समांतर जोडणीत दोघांना व्होल्टेज सारखंच मिळतं. तेवढ्या व्होल्टेजवर कोण किती मोठ्याने वाजेल हे त्याच्या सेन्सिटिव्हिटीवर (ठरावीक विजेत किती मोठा आवाज निघतो) आणि इम्पिडन्सवर (ओहमच्या आकड्यावर) ठरतं. खोक्यावरचा आकडा इथे फसवतो. समजा दोन्ही हेडफोनवर '१ मिलिवॉटला १०० डेसिबल' असं लिहिलंय, पण एक १६ ओहमचा इअरफोन आहे आणि दुसरा ३०० ओहमचा मोठा स्टुडिओ हेडफोन. कागदावर दोघं बरोबरीचे दिसतात. पण १ व्होल्टवर १६ ओहमचा इअरफोन ६२.५ मिलिवॉट खेचतो आणि ३०० ओहमचा जेमतेम ३.३. मिलिवॉटचा हा फरक डेसिबलमध्ये मांडला तर जवळजवळ १३ डेसिबल भरतो. म्हणजे एकाच्या कानात आरडाओरडा आणि दुसऱ्याच्या कानात कुजबुज.

म्हणून तुलना करताना 'प्रति मिलिवॉट' हा आकडा सोडा आणि 'प्रति व्होल्ट' किती ते बघा.

उपाय तीन. एकसारखे हेडफोन वापरा. किंवा मोठ्याने वाजणाऱ्या हेडफोनच्या तारेत छोटा व्हॉल्यूम कंट्रोल असलेली एक्स्टेन्शन वायर लावा. काही स्प्लिटरना प्रत्येक सॉकेटजवळ अशी फिरकी असतेच आणि मी नेहमी तसाच स्प्लिटर सुचवतो. तिसरा आणि सगळ्यात पक्का उपाय म्हणजे चार वाटांचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन तार लावून पण चालू ठेवून वापरले तर त्यांचं स्वतःचं अ‍ॅम्प्लिफायर काम करतं. अशा हेडफोनचा भार उपकरणावर बहुधा कमी पडतो, आणि त्यातल्या पुष्कळांवर स्वतःची व्हॉल्यूमची बटणंही असतात. साध्या स्प्लिटरवर वेगवेगळे हेडफोन गुण्यागोविंदाने चालवायचे असतील तर ही जोडी उत्तम.

स्प्लिटर घेताना काय बघायचं?

दिसायला अगदी सारख्या पण कामाला वेगळ्या दोन वस्तू बाजारात असतात आणि चुकीची घेऊन परत करणारे पुष्कळ असतात. एकात दोन्ही सॉकेट हेडफोनची असतात. दुसऱ्यात एक हेडफोनचं आणि एक माइकचं असतं; कम्प्युटरच्या दोन पिनांच्या हेडसेटसाठी ती असते. दोन्ही सॉकेटवर हेडफोनचंच चित्र आहे ना, ते बघून घ्या. एकावर माइक असेल तर ती आपल्या कामाची नाही.

दुसरी गोष्ट पिनेवरच्या काळ्या रेघा. दोन रेघा म्हणजे डावा, उजवा आणि ग्राउंड असे तीन भाग, साधा स्टीरिओ. तीन रेघा म्हणजे चौथा भाग माइकसाठी. फक्त ऐकायचं असेल तर दोन रेघांचा पुरतो. एकच रेघ दिसली तर तो मोनो आहे, घेऊ नका.

आवाज एकाच कानात येतो किंवा गायकाचा आवाज गायब होऊन फक्त वाद्यं दूरवर ऐकू येतात, अशी तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा पिन पूर्ण आत गेलेली नसते. फोनचं जाड कव्हर हे त्याचं नेहमीचं कारण. ग्राउंड सुटलं की डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो आणि मधोमध असलेला गाण्याचा आवाज पुसला जातो.

स्प्लिटर लावून दोघांना फोनवर बोलता येईल का?

ऐकता येईल. बोलण्याचं सांगता येत नाही. तीन रेघांच्या काही स्प्लिटरमध्ये माइक फक्त एकाच सॉकेटला जोडलेला असतो, आणि ते चांगलंच आहे. दोन्ही माइक जोडले तर माइकला लागणारं व्होल्टेज दोघांत वाटलं जातं आणि आवाज बारीक होतो. शिवाय तारेवरचं बटण माइकची वाट क्षणभर ग्राउंडला जोडून काम करतं, त्यामुळे एकाने बटण दाबलं की दोघांचंही गाणं थांबतं. घरातल्या दोघांना मिळून दूरच्या माणसाशी बोलायचं असेल तर एकाच्याच हेडफोनला माइक ठेवा, दुसऱ्याला नुसता हेडफोन द्या.

स्प्लिटरला स्प्लिटर जोडत गेलं तर किती हेडफोन चालतील?

तीनपर्यंत बहुधा ठीक. त्यापुढे जोडांची संख्या वाढते, कुठेतरी सैल पडतं, एकाच्या कानात खरखर सुरू झाली की सगळे आपापल्या पिना हलवून बघतात. चौथा हेडफोन आला की अ‍ॅम्प्लिफायर घ्या.

चार वाटांचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नेमकं काय?

स्टुडिओत गायक, वादक आणि ध्वनिमुद्रक यांना एकच मिश्रण ऐकायला द्यायचं असतं, पण प्रत्येकाला आपापल्या आवाजात. त्यासाठी ही छोटी पेटी असते. एक इनपुट, चार किंवा आठ आउटपुट, प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आणि स्वतंत्र फिरकी. बेहरिंगरचा एचए ४०० हा त्यातला चार वाटांचा, मुठीत मावेल एवढा आणि पुष्कळांना माहीत असलेला नमुना. त्याच कंपनीचा एचए ८००० आठ वाटांचा.

मी सुरुवातीला जी कसोटी सांगितली ती इथे पूर्ण उतरते. एकाने हेडफोन काढला तरी दुसऱ्याच्या आवाजात फरक पडत नाही, १६ ओहमचा इअरफोन आणि ३०० ओहमचा हेडफोन शेजारी बसून ऐकू शकतात, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो इतरांना त्रास न देता आपली फिरकी वर नेऊ शकतो. घरात तीन किंवा जास्त माणसं नेहमी एकत्र ऐकत असतील तर पैसे इथेच घाला.

या पेट्यांना बहुधा ६.३५ मिलिमीटरची जाडी सॉकेट असतात, म्हणून प्रत्येक हेडफोनला एक जाडा अ‍ॅडॅप्टर लागेल. उपकरणाचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशाच्या आसपास ठेवा आणि बाकीचं पेटीवर करा. हेडफोन कानाला लावण्याआधी सगळ्या फिरक्या शून्यावर आणा. ही सवय मोडू देऊ नका, कारण ही पेटी फोनपेक्षा बरीच ताकदवान असते.

अ‍ॅम्प्लिफायर लावल्यावर गुणगुण का येते?

लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघंही भिंतीतल्या विजेवर असतील तर ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जातं आणि त्या वळशात गुणगुण शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर कारण सापडलं. मग दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, तेवढ्याने न भागल्यास मध्ये ऑडिओ आयसोलेटर (हा ग्राउंडचा वळसा तोडणारी छोटी डबी) घाला.

स्प्लिटर उलटा वापरून दोन फोनचा आवाज एका हेडफोनमध्ये आणता येईल का?

असं करू नका. एका आउटपुटमधून अनेकांना देणं चालतं, पण दोन आउटपुट एकमेकांना थेट जोडले की प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्याला आपल्या व्होल्टेजवर ओढायला बघतो. आवाज विद्रूप होतो आणि दोन्हीकडे नाहक करंट वाहतो. या कामाला छोटा मिक्सर लागतो.

याच जातीची एक धोक्याची सूचना. महागड्या प्लेअरवर ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड आउटपुट असतं. त्यात डाव्या-उजव्या चॅनेलच्या ऋण तारा वेगळ्या असतात आणि दोन्हींवर अ‍ॅम्प्लिफायर बसलेला असतो. अ‍ॅडॅप्टर लावून साधा ३.५ मिलिमीटरचा स्प्लिटर तिथे जोडला तर या दोन तारा एकत्र शॉर्ट होतात. इथे मात्र उपकरण खरंच बिघडू शकतं.

फोनला हेडफोन जॅकच नाही. मग?

२०१६ साली आयफोन ७ जॅकशिवाय आला आणि पुढे बहुतेक फोन त्याच वाटेने गेले. युएसबी-सी किंवा लाइटनिंगचा डोंगल घ्या आणि त्याच्या ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटला नेहमीचा स्प्लिटर लावा. डोंगलच्या आत डीएसी, म्हणजे डिजिटलचं ध्वनीत रूपांतर करणारी चिप, आहे याची खात्री करा. नुसत्या तारांचा अ‍ॅडॅप्टर मोजक्याच फोनवर चालतो. हब लावून दोन डोंगल जोडले तर दोन्हींतून आवाज येईल अशी अपेक्षा ठेवू नका, फोन सहसा त्यातला एकच निवडतो.

ब्लूटूथवर दोन हेडफोन एकाच वेळी चालतात का?

जुनं ब्लूटूथ ऑडिओ एका उपकरणाकडून एका हेडफोनकडे असंच आखलेलं आहे. दोघांना पाठवायचं तर फोनला तोच आवाज दोनदा, दोन वेगळ्या जोडण्यांवर पाठवावा लागतो, आणि ती सोय निर्मात्याने आपल्या फोनमध्ये मुद्दाम द्यावी लागते. सॅमसंगने २०१७ च्या गॅलेक्सी एस८ पासून 'ड्युअल ऑडिओ' या नावाने ती दिली. अ‍ॅपलने २०१९ मध्ये आयओएस १३.१ सोबत 'शेअर ऑडिओ' आणलं. त्याला आयफोन ८ किंवा नंतरचा फोन लागतो आणि हेडफोन एअरपॉड्स किंवा बीट्सची ठरावीक मॉडेलं असावी लागतात. दोघांचे व्हॉल्यूम वेगवेगळे ठेवता येतात, त्यामुळे आपली कसोटी इथेही उतरते. तिसरा हेडफोन मात्र दोन्हीकडे चालत नाही.

निन्टेन्डो स्विचवर २०२१ च्या अपडेटने ब्लूटूथ हेडफोन आले, पण एका वेळी एकच. तिथे दोघांसाठी तार आणि स्प्लिटरच बरा.

माझ्या हेडफोनवर 'मल्टिपॉइंट' लिहिलंय. म्हणजे हेच ना?

नाही, अगदी उलट. मल्टिपॉइंट म्हणजे एक हेडफोन दोन उपकरणांना जोडलेला, लॅपटॉपवर गाणं ऐकता ऐकता फोन उचलता यावा म्हणून. आपल्याला एक उपकरण आणि दोन हेडफोन हवेत. ही सोय फोनमध्ये शोधायची असते, हेडफोनच्या खोक्यावर नाही.

ऑराकास्ट म्हणजे काय? त्यासाठी थांबावं का?

मला या सगळ्या विषयात सर्वाधिक आशा वाटते ती इथे. जुन्या ब्लूटूथमध्ये जोडी जमवावी लागते, ऑराकास्टमध्ये आवाज रेडिओसारखा प्रक्षेपित होतो. पाठवणारं उपकरण हवेत सोडतं आणि आवाक्यात असलेला कितीही जणांचा हेडफोन तो पकडतो. ऐकणारे दोन आहेत की दोनशे, पाठवणाऱ्याला माहीतही नसतं. पॅकेट पोचलं की नाही हे कुणी उलट कळवत नाही, म्हणून प्रत्येक पॅकेट ठरावीक वेळा पुन्हा पाठवलं जातं. व्हॉल्यूम ज्याचा त्याच्या हेडफोनवर.

याचा पाया एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची नवी पद्धत. तो २०२० मध्ये जाहीर झाला, त्याची मानकं २०२२ मध्ये पूर्ण झाली आणि ऑराकास्ट हे नावही त्याच वर्षी आलं. यात एलसी३ हा नवा कोडेक (आवाज दाबून पाठवायची आणि पुन्हा उलगडायची रीत) आहे, जो ब्लूटूथच्या जुन्या एसबीसी कोडेकपेक्षा बऱ्याच कमी डेटात तेवढाच किंवा जास्त चांगला आवाज देतो. प्रक्षेपणाला पासवर्ड लावता येतो, त्यामुळे घरातला सिनेमा शेजाऱ्याच्या कानात जात नाही. उपलब्ध प्रक्षेपणांची यादी फोनवर दिसते, तिथून हवं ते निवडायचं.

अडचण खरेदीची आहे. पाठवणारा आणि ऐकणारा दोघांनाही ऑराकास्ट यायला हवं. आणि खोक्यावर 'ब्लूटूथ ५.३' लिहिलंय म्हणून ते असेलच असं नाही. एलई ऑडिओ हा त्या आवृत्त्यांमधला ऐच्छिक भाग आहे. 'ऑराकास्ट' हा शब्द स्पष्ट छापलेला असेल तरच धरून चाला. नवे हेडफोन घ्यायचेच असतील तर तो शब्द असलेले घ्या. पण आज चालणारे तारेचे हेडफोन अडगळीत टाकून त्यासाठी थांबू नका.

टीव्हीला दोन ब्लूटूथ हेडफोन कसे जोडायचे?

टीव्हीत सोय नसेल तर दोन हेडफोन एकाच वेळी सांभाळणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्या आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटला (प्रकाशाच्या तारेने डिजिटल आवाज देणारं सॉकेट) लावा. हेडफोन जॅकला लावला तर पुष्कळ टीव्ही स्पीकर बंद करतात. ऑप्टिकलला सहसा तसं होत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) वर ठेवा, नाहीतर डॉल्बीचा प्रवाह ट्रान्समीटरला कळत नाही आणि कानात शांतता पसरते. ट्रान्समीटर लावून काहीच ऐकू येत नाही या तक्रारीत मी आधी हेच विचारतो.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. काय करू?

ब्लूटूथमध्ये आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडायला वेळ लागतो. साध्या एसबीसी जोडणीत हा उशीर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवायला लागतं, आणि पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच. फोन आणि लॅपटॉपवरचे बरेचसे व्हिडिओ प्लेअर चित्रच थोडं थांबवून मेळ घालतात. टीव्हीला बाहेरून लावलेल्या ट्रान्समीटरचा मात्र टीव्हीला पत्ताच नसतो. तिथे एपीटीएक्स लो लेटन्सी हा कमी उशिराचा कोडेक कामाला येतो, त्याचा उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. पण ट्रान्समीटर आणि प्रत्येक हेडफोन अशा सगळ्यांना तो यायला हवा.

दोघांचे हेडफोन वेगवेगळे असतील तर एकजण विनोदाला आधी हसतो आणि दुसरा क्षणभराने. ऐकायला गोड वाटतं, पण अर्ध्या तासात वैताग येतो.

लॅपटॉपवर एक तारेचा आणि एक ब्लूटूथ हेडफोन एकदम लावता येईल का?

मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप' मध्ये जाऊन मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवा, दोन्ही हेडफोनवर खूण करा आणि मुख्य नसलेल्याला 'ड्रिफ्ट करेक्शन' लावा, म्हणजे दोन घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकणार नाहीत. यानंतर कीबोर्डची व्हॉल्यूम बटणं काम करेनाशी होतात. घाबरू नका, प्रत्येक हेडफोनचा व्हॉल्यूम त्याच खिडकीत वेगळा बदलता येतो. विंडोजवर साउंड कार्डाने 'स्टीरिओ मिक्स' दिलं असेल तर त्याच्या 'लिसन' टॅबमधून दुसऱ्या हेडफोनकडे आवाज वळवता येतो. लिनक्सवर पल्सऑडिओ आणि पाइपवायर या दोन्ही ध्वनी-प्रणालींत कंबाइन सिंक, म्हणजे एकच आवाज अनेक आउटपुटना देणारी सोय, आहे. तिन्ही ठिकाणी ब्लूटूथवाला मागे पडणारच, त्यामुळे गाण्यांना ठीक, सिनेमाला दोघंही तारेवर या.

घरात एकाला कमी ऐकू येतं. सगळ्यांनी मिळून टीव्ही कसा पाहावा?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. कमी ऐकू येणारं माणूस 'आवाज वाढव' म्हणायला हळूहळू संकोचतं, मग टीव्हीसमोर नुसतं बसून राहतं, आणि घरच्यांना वाटतं त्यांना आता रस उरला नाही. त्यांच्या कानाला स्वतःचा व्हॉल्यूम मिळाला की तीच व्यक्ती पुन्हा संवादांवर बोलायला लागते.

इथे टीव्हीचे स्पीकर बाकीच्यांसाठी चालू राहिले पाहिजेत आणि हेडफोनचा व्हॉल्यूम टीव्हीच्या रिमोटपासून मोकळा हवा. ऑप्टिकल आउटपुटची पातळी बहुतेक टीव्हींत ठरलेली असते, म्हणून टीव्हीसाठी बनवलेला रेडिओ किंवा इन्फ्रारेड हेडफोन तिथे लावणं सोयीचं. इन्फ्रारेडमध्ये एका ट्रान्समीटरवर कितीही हेडफोन चालतात आणि उशीर जाणवत नाही, फक्त ट्रान्समीटर नजरेच्या टप्प्यात लागतो. रेडिओवाला स्वयंपाकघरातही ऐकू येतो. चार्जिंगचा स्टँड असलेला घ्या. बारीक केबल रोज खोचणं म्हाताऱ्या बोटांना जड जातं.

श्रवणयंत्र वापरत असतील तर त्यावर हेडफोन चढवल्याने शिट्टी वाजू शकते. यंत्रात टेलिकॉइल (चुंबकीय क्षेत्रातून आवाज पकडणारी छोटी गुंडाळी) असेल तर गळ्यात घालायची लूप मिळते. ती हेडफोन जॅकला लावली की आवाज थेट यंत्रात उतरतो आणि त्या व्यक्तीच्या कानासाठी ठरवलेली दुरुस्तीही तशीच राहते. श्रवणयंत्र बसवून देणाऱ्यांना टेलिकॉइल सुरू आहे का हे आवर्जून विचारा, पुष्कळदा ती असते पण सुरू केलेली नसते.

पन्नास-शंभर माणसांना एकच आवाज द्यायचा असेल तर?

तारा विसरा. सायलेंट डिस्कोत, म्हणजे सगळे हेडफोन लावून नाचतात त्या कार्यक्रमात, वापरतात ते रेडिओ हेडफोन भाड्याने घ्या. त्यात बहुधा तीन चॅनेल असतात आणि कोण काय ऐकतंय ते हेडफोनवरच्या दिव्याच्या रंगावरून कळतं.

एकाच जोडीतला एक इअरबड मी घेतला, एक मैत्रिणीला दिला. हे चालतं का?

चालतं, पण फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन 'मोनो ऑडिओ' आधी सुरू करा. नाहीतर एकीला डावा चॅनेल आणि दुसरीला उजवा, म्हणजे दोघींना अर्धं अर्धं गाणं. जुन्या ध्वनिमुद्रणांत तर गाणारा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात.

मुलांसाठी 'आवाज मर्यादित' हेडफोन घेतलेत. ते स्प्लिटरवर किंवा अ‍ॅम्प्लिफायरवर सुरक्षित आहेत का?

साध्या स्प्लिटरवर हो. अ‍ॅम्प्लिफायरवर नाही, आणि हे कृपया लक्षात ठेवा. तारेच्या अशा बहुतेक हेडफोनमध्ये आत फक्त एक रेझिस्टर असतो. फोनमधून जास्तीत जास्त किती व्होल्टेज येईल याचा अंदाज बांधून तो बसवलेला असतो. चार वाटांची पेटी त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज देऊ शकते, आणि मग खोक्यावरची मर्यादा नावापुरती उरते.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तेवढेच तास ७५ डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो: मोठ्यांना ८३ ला २० तास, ८६ ला १०. मुलांना पेटीवर बसवायचं असेल तर आधी त्यांचा हेडफोन तुम्ही स्वतः कानाला लावा, फिरकी पटवून घ्या आणि ती जागा कागदी चिकटपट्टीने बंद करा.